हिस्टरी तिकीट : उमरीची लूट, लातूरचा वकील आणि धनेगावची हजेरी

नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की मुदखेडनंतर थोड्याच वेळात उमरीचे स्टेशन लागते. पुढे धर्माबाद, बासर, मग गोदावरी ओलांडून निजामाबाद. या मार्गावर आम्ही अनेकदा प्रवास केला आहे. कधी परीक्षेच्या कामासाठी, कधी चर्चासत्रासाठी. उमरीला गाडी थांबली, की डब्यातला एखादा वयस्क प्रवासी हमखास सांगतो, 'इथली बँक लुटली होती बरं का!' त्याच्या स्वरात अभिमान असतो. सरकारी पैशावर टाकलेला दरोडा इतक्या अभिमानाने सांगितला जाण्याची उदाहरणे फार नसतील.

मागे एकदा वर्गात आत्मकथनांचा अभ्यास सुरू असताना आम्ही सहज या लुटीचा उल्लेख केला. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, बँक लुटणारे स्वातंत्र्यसैनिक, आणि खिसा कापणारा मात्र गुन्हेगार. हे ठरवलं कोणी?' प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्या आठवड्यात ती लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचत होती. आम्ही तेव्हा हेतू आणि साध्य-साधनांचा विवेक यांविषयी काहीतरी बोललो आणि तास संपवला. पण उत्तर आमचे आम्हालाच पटले नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती करण्याचा प्रयत्न आहे.

एका महिन्यातले दोन दरोडे

30 जानेवारी 1948. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालेले नव्हते. नोव्हेंबर 1947 मध्ये झालेला 'जैसे थे' करार कागदावर होता. गावोगाव मात्र रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते संस्थानच्या सरहद्दीबाहेर वऱ्हाडात, सोलापूर-नगरच्या बाजूला शिबिरे उभारून लढत होते. या शिबिरांना हत्यारे लागत, धान्य लागे, आणि त्या दोहोंसाठी पैसा लागे. अशाच सशस्त्र कार्यकर्त्यांनी त्या दिवशी उमरीच्या हैदराबाद स्टेट बँकेवर हल्ला केला आणि वीस लाखांहून अधिक रुपये नेले. ती रक्कम लढ्याच्या कामाला लागली.

याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. ज्या लढ्याचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थांसारख्या गांधींना मानणाऱ्या संन्याशाकडे होते, त्या लढ्यातील सर्वांत मोठी लूट आणि गांधीजींचा शेवट एकाच तारखेला यावा, हा योगायोग अस्वस्थ करणारा आहे. स्वतः स्वामीजी त्या दिवशी तुरुंगात होते. 15 ऑगस्ट 1947 ला भारताचा ध्वज फडकवल्याबद्दल त्यांना अटक झाली होती, कराराच्या सुमारास सुटका झाली होती आणि 26 जानेवारी 1948 ला पुन्हा अटक झाली होती. त्यानंतर ते बाहेर आले ते थेट सप्टेंबरात, पोलीस कारवाईनंतर.

आता याच जानेवारीतला दुसरा दरोडा पाहू. उमरीच्या लुटीच्या सुमारे तीन आठवडे आधी तेलंगणातील बीबीनगर येथे रझाकारांनी हल्ला करून लूटमार केली. रझाकारांचा प्रमुख कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा गृहस्थ. 13 ते 17 सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर त्याला पकडण्यात आले. त्याच्यावर अनेक आरोप होते. पत्रकार शोएबुल्ला खान यांच्या खुनाच्या खटल्यातून तो अपिलात सुटला. त्याला अखेर दीर्घ शिक्षा भोगावी लागली ती या बीबीनगरच्या दरोड्यासाठी : सात वर्षे सक्तमजुरी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1953 मध्ये शिक्षा कायम राहिली. पुढे येरवड्याच्या तुरुंगात राहून 1957 च्या सप्टेंबरात तो सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला.

हजारो माणसांच्या हालांना कारण ठरलेल्या चळवळीचा हा म्होरक्या. इतिहासात त्याच्यावर ठेवलेला ठपका केवढा मोठा, आणि तुरुंगाच्या नोंदवहीत लिहिलेला गुन्हा कोणता? दरोडा. उमरीची लूट करणारे त्या वेळी सापडले असते, तर निजामाच्या नोंदवहीतही त्यांच्या नावापुढे बहुधा हाच शब्द लिहिला गेला असता. ही दोन कृत्ये नैतिकदृष्ट्या सारखी आहेत, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. एकामागे जुलमी राजवटीतून सुटण्याची धडपड होती, दुसऱ्यामागे ती राजवट दहशतीने टिकवण्याची. पण हा फरक इतिहास करतो. तुरुंगाची नोंदवही तो करीत नाही. तिच्यात फक्त कलम असते, शिक्षेची मुदत असते आणि एक क्रमांक असतो.

राजवट बदलली, की नोंदीचा अर्थही कसा पालटतो ते पाहण्यासारखे आहे. स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजना 1972 मध्ये सुरू झाली. तिच्यात पात्रतेची मुख्य अट होती किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ही मुदत तीन महिने. म्हणजे काल जो कलंक होता, त्याचाच दाखला आज सन्मानपत्र झाला. जे भूमिगत राहिले आणि म्हणून तुरुंगात गेलेच नाहीत, त्यांची पंचाईत झाली. हैदराबादच्या लढ्यातील सरहद्दीवरच्या शिबिरांचा सहभाग पुढे ग्राह्य धरला गेला तेव्हा हा पेच काहीसा सुटला. मराठवाड्यातल्या किती घरांत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला तो तुरुंगाचा दाखला असेल! आजोबा गेले, पण दाखला आहे.

धनेगावची हजेरी

याच प्रदेशात दुसऱ्या प्रकारची घरे होती. त्या घरांतही पोलिसांचा कागद असे, पण तो कोणी पेटीत जपून ठेवीत नसे.

लातूर तालुक्यातील धनेगाव. इथल्या उचल्या समाजात जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन 1987 मध्ये आले आणि 1988 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शिकवले आहे. दलित-भटक्या-विमुक्तांची आत्मकथने हा अभ्यासक्रमातला घटक, त्यातली भाषा, बोली, निवेदन, भूक, पोलिसांची धाड हे मुद्दे आपण परीक्षेसाठी पाठ करून घेतो. पण त्यातल्या एका साध्या गोष्टीकडे आपले पुरेसे लक्ष गेले नाही, असे आम्हाला वाटते. ती गोष्ट म्हणजे हजेरी. लेखकाच्या आजोबांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. ते कैदी नव्हते. त्यांच्यामागे भिंत नव्हती, बराक नव्हती. तरीही राहत्या घराला त्यांच्यासाठी तुरुंगाचा नियम लागू होता.

या हजेरीची मुळे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहेत. पूर्वीचा कायदा कृत्य पाही. या कायद्याने जन्म पाहिला. एखादी जमात सरकारने 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली, की तिच्यातल्या माणसांची नोंदणी होई. पुढे बोटांचे ठसे आले, ठरावीक वेळी हजेरी आली, गाव सोडताना परवाना आला. काहींना तारेच्या कुंपणातील वसाहतींत नेऊन ठेवण्यात आले. सोलापुरात त्या भागाला आजही लोक 'सेटलमेंट'च म्हणतात. 1911 च्या सुधारित कायद्याने ही पद्धत देशभर पसरवण्याची सोय केली, आणि निजामाच्या संस्थानातही असाच कायदा होता. लातूर त्या वेळी निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे ज्या राजवटीविरुद्ध उमरीची लूट झाली, तिच्याच वहीत धनेगावच्या कुटुंबासारखी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नोंदली जात होती. सत्याग्रह करणारा त्या वहीत स्वतःच्या निवडीने गेला. उचल्याचे मूल मात्र तिच्यातच जन्मले.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झाले. आपण तो दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतो. गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला तो 31 ऑगस्ट 1952 ला. त्या दिवसालाही विमुक्त दिन म्हणतात, पण तो आपल्यापैकी किती महाविद्यालयांत साजरा होतो? शिवाय जुना कायदा गेला तरी त्याची जागा रिकामी राहिली नाही. राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा आहे. त्यांत जातीचे नाव नव्हते, पण ठाण्यातल्या जुन्या वह्या आणि हवालदारांची जुनी सवय तशीच होती. 'उचल्या'तली पुष्कळशी मारहाण, पुष्कळशा धाडी या स्वातंत्र्यानंतरच्या आहेत, ही गोष्ट पुस्तक शिकवताना तारखांसह सांगायला हवी.

वर्गातल्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथे अधिक टोकदार होतो. उमरीच्या बाबतीत इतिहासाने कृत्यामागचा हेतू विचारात घेतला. धनेगावच्या बाबतीत तर कृत्यही विचारात घेतले गेले नाही.

माणसाचे तिकीट

तुरुंग म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर भिंत, गज, दगड फोडणारे कैदी येतात. हे चित्र बरेचसे चित्रपटांनी दिलेले आहे. प्रत्यक्षात तुरुंग चालतो तो कागदावर. माणूस आत जातो तो वॉरंट या कागदाने, आणि बाहेर येतो तो सुटकेच्या आदेशाने. जामीन मंजूर झाला तरी आदेशाचा कागद तुरुंगाच्या दारापर्यंत पोचला नाही, तर माणूस आतच राहतो. आत गेल्यावर त्याच्या अंगावरच्या खुणा लिहिल्या जातात, वजन लिहिले जाते, त्याच्याजवळच्या वस्तूंची यादी होते आणि त्याला क्रमांक मिळतो.

1894 च्या तुरुंग कायद्यात एका कागदाची व्याख्याच दिलेली आहे. त्याचे नाव 'हिस्टरी तिकीट'. प्रत्येक कैद्यामागे एक. त्याला कोणते काम दिले, ते त्याने किती केले, कोणता नियम मोडला, काय शिक्षा झाली, आजारी कधी पडला, माफीचे किती दिवस मिळवले, सगळे त्यावर चढते. आम्ही इतिहास हा शब्द इतक्या वेळा वापरतो. पण एका माणसाचा संपूर्ण इतिहास एका तिकिटावर मावतो, ही कल्पना तुरुंगाखेरीज अन्यत्र कुठे आढळेल? हे त्या माणसाचे चरित्रच आहे. फक्त ते दुसऱ्याच्या हातचे, आणि त्यात त्याचे स्वतःचे एकही वाक्य नाही.

या पद्धतीचा उगम फार मागे जातो. मेकॉले ज्या समितीत होता, त्या तुरुंग-शिस्त समितीने 1838 मध्ये अहवाल दिला. कैद्यांना रस्त्यांच्या कामावर बाहेर काढण्याऐवजी मध्यवर्ती कारागृहांत बंदिस्त ठेवावे, काम कंटाळवाणे आणि एकसुरी असावे, शिक्षणाने वगैरे माणूस सुधारेल या आशेवर फार विसंबू नये, असा तिचा सूर होता. सुधारणेचा विचार अधिकृतपणे मांडला गेला तो 1919-20 च्या तुरुंग समितीत. मधल्या ऐंशी वर्षांत देशभर भिंती उभ्या राहिल्या होत्या. येरवड्याची इमारत 1871 ची, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्याच्याच वर्षातली.

तुरुंग चालवायला नोकर कमी पडत, म्हणून कैद्यांतूनच पहारेकरी आणि मुकादम नेमण्याची रीत पडली. कैद्यानेच कैद्यावर नजर ठेवायची, बदल्यात माफीचे दिवस मिळवायचे. स्वयंपाक, झाडलोट, संडास साफ करणे ही कामेही कैद्यांनीच करायची. आणि इथे बाहेरचा समाज आत शिरला. कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करावा, कोणी मैला उचलावा, हे अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत स्पष्ट किंवा सूचकपणे लिहिलेले होते. स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे झाल्यावरही ते तसेच होते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने असे सर्व नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला आणि विमुक्त जमातींना 'सराईत' मानण्याच्या तरतुदींवरही बोट ठेवले. धनेगावच्या हजेरीला सर्वोच्च न्यायालयाकडून उत्तर मिळायला 1952 नंतर आणखी बहात्तर वर्षे लागली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

आणखी एक गोष्ट. तुरुंगात शिक्षा झालेले गुन्हेगार असतात, असा आपला समज असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 न्यायाधीन होते. म्हणजे चारांतले तीन. त्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. जुन्या भाषेत हे 'कच्चे कैदी'. शिक्षा झालेल्याला निदान आपली मुदत ठाऊक असते; माफी, संचित रजा, अभिवचन रजा यांचा हिशेब बोटांवर करता येतो. कच्च्या कैद्याला मोजायला काही नसते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश मुदत आत काढली असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यांना आणि ज्याच्यावर अनेक खटले आहेत त्याला ती लागू नाही. तरतूद चांगली आहे. पण तिच्यासाठीही कोणीतरी वही उघडून दिवस मोजावे लागतात.

कागद कोणाला मिळाला?

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे साहित्याकडे येऊ.

मराठी वाङ्मयाचा इतिहास तुरुंगाला वगळून लिहिताच येणार नाही. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले. अंदमानातून 'माझी जन्मठेप' आले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्याच साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. मराठी घराघरांत वाचले जाणारे, आईच्या मायेचे हे पुस्तक गजाआड जन्मले, हे मुलांना सांगितले की त्यांना नवल वाटते.

पण ही यादी वाचताना एक प्रश्न पडतो. हे सगळे लिहायला कागद होता का, आणि तो कोणाला मिळाला? टिळकांना लिहिण्याची परवानगी होती, ती अटींसह. सावरकरांना अंदमानात ती नव्हती, म्हणून भिंतीवर कोरून पाठ करणे आले. 1929 मध्ये जतीन दास यांनी लाहोरच्या तुरुंगात 63 दिवसांच्या उपोषणानंतर प्राण सोडला. राजकीय कैद्यांना माणसासारखे वागवा, त्यांना वाचायला द्या, अशा त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या मागण्या होत्या. त्यानंतर अ, ब, क असे कैद्यांचे वर्ग आले. वर्ग ठरवताना शिक्षण आणि राहणीमान पाहिले जाई. शिकलेल्याला वरचा वर्ग, वरच्या वर्गाला पुस्तक आणि कागद. ज्याला लिहिता येत नव्हते, त्याला लिहिण्याची सवलत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून आपले तुरुंग-साहित्य हे बहुतांशी शिकलेल्या राजकीय कैद्याचे साहित्य आहे. त्याच बराकीच्या पलीकडे राहणारा चोर, खुनी, दारू गाळणारा या पुस्तकांत येतो तो पात्र म्हणून. कधी त्याची दया येते, कधी गंमत वाटते. तो स्वतः बोलत नाही. त्याच्याविषयी जे लिहिलेले शिल्लक आहे, ते हिस्टरी तिकिटावर.

उमरीहून सुटलेली आमची गाडी जिथे जाते, त्या निजामाबादच्या किल्ल्यातल्या तुरुंगात तेलुगू कवी दाशरथी कृष्णमाचार्य होते. कागद नव्हता. त्यांनी कोळशाने भिंतीवर निजामाविरुद्धच्या कविता लिहिल्या. भिंत हाच त्यांचा कागद झाला. आमच्या विद्यार्थ्यांना अंदमानची भिंत ठाऊक असते, गाडीने अगदी जवळ असलेली ही भिंत ठाऊक नसते. कारण ती भिंत दुसऱ्या भाषेत आहे. ज्या संस्थानात मराठी, तेलुगू, कन्नड माणसे एकाच बराकीत होती, तिथल्या लढ्याची पुस्तके आपण भाषेनुसार वेगळी करून ठेवली आहेत.

स्वतंत्र भारतातही कागदाचा प्रश्न संपला नाही. त्याचे एक उदाहरण मराठीच्या प्रत्येक प्राध्यापकाला माहीत असावे असे आहे. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे मराठी पुस्तक लिहिले. विषय निव्वळ विज्ञानाचा. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवण्याची परवानगी त्यांनी मागितली आणि महाराष्ट्र सरकारने ती नाकारली. स्थानबद्धांच्या नियमांत पुस्तक लिहून छापण्याचा हक्क कुठेही दिलेला नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. उच्च न्यायालयाने आणि 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. नियमांनी जे बंधन घातलेले नाही, ते सरकारला घालता येणार नाही. स्थानबद्ध झाला म्हणून माणसाचे उरलेले स्वातंत्र्य संपत नाही, असे त्या निकालाचे तात्पर्य. कैद्यांच्या हक्कांविषयी भारतीय न्यायालयांनी पुढे जे पुष्कळ काही सांगितले, त्याच्या मुळाशी एक मराठी हस्तलिखित आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात मात्र त्याला जागा नाही, कारण ते अणूविषयी होते, ललित नव्हते!

कुंपण नसलेला तुरुंग

याचा अर्थ तुरुंगाविषयी मराठी मुलखाने वेगळा विचार केलाच नाही, असा नाही. 1939 मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' वसले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले गांधीवादी मॉरिस फ्रिडमन यांचा हा प्रयोग. गंभीर गुन्ह्यांतले कैदी कुंपणाशिवाय शेतावर राहू लागले. ग. दि. माडगूळकरांची कथा आणि व्ही. शांतारामांचे दिग्दर्शन असलेला 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' यावरूनच सुचला. मराठवाड्यातही पैठणला खुले कारागृह आहे. तिथे कैदी शेती करतात.

या प्रयोगाचे मर्म काय? आमच्या मते, इथे माणसावर विश्वास आधी टाकला जातो, त्याची नोंद मागाहून होते. बंद तुरुंगात आणि गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत नोंद आधी असते, माणूस नंतर येतो. पण इथेही एक मेख आहे. खुल्या कारागृहात कोणाला पाठवायचे, ते हिस्टरी तिकीट पाहूनच ठरते. चांगली नोंद असलेलाच कुंपणाबाहेर जातो. म्हणजे विश्वासाची वाटही अखेर त्याच कागदावरून जाते. आणि कच्च्या कैद्याला ती उपलब्धच नसते. ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, त्याच्यावर विश्वास टाकायला आपल्या व्यवस्थेत जागा नाही. हा उलटा न्याय आम्हाला अजून नीट समजलेला नाही.

पुन्हा उमरी

त्या विद्यार्थिनीला आज उत्तर द्यायचे झाले तर आम्ही काय सांगू?

पहिली गोष्ट, उमरीच्या लुटीविषयीचा अभिमान सोडण्याचे कारण नाही. त्या माणसांनी जिवावर उदार होऊन ते काम केले आणि पैसा स्वतःसाठी नेला नाही. पण त्या अभिमानातूनच एक जबाबदारी येते. आपल्या आजोबांच्या नावापुढचा 'दरोडा' हा शब्द आपण खोडला, कारण त्यामागची गोष्ट सांगायला आपल्याजवळ माणसे होती, भाषा होती, वर्तमानपत्रे होती, पुढे सरकारही होते. ज्यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते, त्यांच्या नावापुढचा शब्द तसाच राहिला. धनेगावच्या एका मुलाने शाळेत जाऊन अक्षरे शिकली, तेव्हा कुठे एका नोंदीमागची गोष्ट आपल्याला कळली. अशा किती नोंदी वाचायच्या राहिल्या असतील?

दुसरी गोष्ट आमच्या पेशाची. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. म्हणजे आमच्या पदव्यांवर एका कैद्याचे नाव छापलेले असते. त्या पदव्या देताना आम्ही तुरुंग हा विषय 'देशभक्तांचे तुरुंगवास' आणि 'वंचितांची आत्मकथने' अशा दोन कप्प्यांत शिकवतो. एक पेपर पहिल्या सत्रात, दुसरा तिसऱ्या सत्रात. दोन्ही कप्प्यांतली माणसे एकाच राजवटीच्या, पुष्कळदा एकाच जिल्ह्याच्या वहीत होती, हे विद्यार्थ्याला कळण्याची सोय आम्ही ठेवलेली नाही. ती ठेवली पाहिजे. 'श्यामची आई' आणि 'उचल्या' शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजे. एक आई मुलाला चोरीपासून परावृत्त करते. दुसरीकडे चोरी शिकल्याशिवाय मूल जगेल की नाही, याचीच घोर काळजी आहे. दोन्ही पुस्तकांवर तुरुंगाची सावली आहे.

गेल्या खेपेला परतताना गाडी उमरीला थांबली, तेव्हा फलाटावर एक पोलीस दोन पोरांना हाताला धरून उभा होता. गाडीत फुकट चढली होती, की आणखी काही, कोण जाणे. त्याने खिशातून छोटी वही काढली आणि नावे विचारली. मग गावे विचारली. मग, आम्हाला खिडकीतून स्पष्ट ऐकू आले, 'कोणाचे रे तुम्ही?' असे विचारले.

मराठीत या प्रश्नाचा अर्थ काय होतो, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. पोरे गप्प होती. गाडी सुटली.